दोन बलाढ्य गाड्या आणि दीड गजाचा फरक

व्यापारी मित्रहो, या पानावर एरवी सूत, कापड, भाव आणि उधारी यांची चर्चा असते. आज विषय थोडा वेगळा आहे. आमचा एक भाचा शारजात जुन्या मोटारींचा व्यवसाय करतो. गेल्या महिन्यात त्याने आमच्याकडे दोन गाड्यांची माहितीपत्रके पाठवली आणि विचारले, "मामू, मला आणि भागीदाराला भाड्याने देण्यासाठी एक मोठी गाडी घ्यायची आहे. भागीदार म्हणतो, जी सर्वांत जलद पळते तीच घेऊ, गिऱ्हाईक तिलाच येते. या दोघींत जलद कोणती, हे तुम्ही हिशेब करून सांगा." त्याची पंधरा वर्षांची बचत या एका सौद्यात जाणार आहे. म्हणून आम्ही वही उघडून बसलो, आणि जो हिशेब निघाला तो सर्वांच्याच उपयोगाचा वाटल्यामुळे येथे मांडत आहोत.

पहिली गाडी इटलीची लँबोर्गिनी उरुस. ती डिसेंबर २०१७ मध्ये जगासमोर आली. दुसरी अमेरिकेची जीप ग्रँड चेरोकी ट्रॅकहॉक. ती एप्रिल २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात दाखवली गेली आणि २०२१ च्या मॉडेलनंतर बंद झाली. दोन्ही उंच, ऐसपैस, चारही चाकांना ताकद पुरवणाऱ्या, आठ सिलिंडरच्या आणि आठ गिअरच्या. दोन्ही घर-कुटुंबाला घेऊन जाणाऱ्या गाड्या असून शर्यतीच्या मोटारीसारख्या सुटतात, हीच त्यांची ख्याती.

माहितीपत्रकावर उरुसपुढे ३.६ सेकंद आणि ट्रॅकहॉकपुढे ३.५ सेकंद असा आकडा आहे. भागीदाराने तेवढेच पाहून जीपला पसंती दिली होती. येथेच पहिली चूक झाली.

आधी माप एक करा

कापडाच्या धंद्यात नवा मुलगा आला की त्याला पहिला धडा मापाचा देतात. एकाचा भाव गजाचा आणि दुसऱ्याचा मीटरचा असेल, तर दोन भाव शेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवता येत नाही. गज ३६ इंचांचा, मीटर सुमारे ३९.३७ इंचांचा. आधी दोन्ही एका मापात आणावे लागतात, मगच बोलणे.

या दोन गाड्यांचे नेमके तेच आहे. उरुसचे ३.६ सेकंद हे शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंतचे आहेत. ट्रॅकहॉकचे ३.५ सेकंद शून्यापासून ताशी ६० मैलांपर्यंतचे आहेत. ६० मैल म्हणजे ९६.५६ किलोमीटर. म्हणजे जीपच्या मापात जवळजवळ साडेतीन किलोमीटर कमी मोजले आहेत. तेवढा वेग आणखी वाढवायला तिला सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा लागेल. तो मिळवला की १०० किलोमीटरसाठी तिचा वेळ ३.७ सेकंदांच्या आसपास येतो. कागदावर पुढे दिसणारी गाडी माप एक करताच किंचित मागे गेली.

मापाची दुसरी तफावत अश्वशक्तीत आहे. जीपची ताकद ७०७ हॉर्सपॉवर सांगतात, ती इंग्रजी पद्धतीची. हा एक हॉर्सपॉवर ७४५.७ वॉटचा असतो. उरुसची ताकद ६५० सांगतात, ती युरोपातील मेट्रिक अश्वशक्ती असून ७३५.५ वॉटची असते. जीपचे ७०७ मेट्रिकमध्ये केले तर ७१७ होतात. येथे जीपचा आकडा कमी दिसत होता, तो वाढला.

तिसरी तफावत सर्वांत गंमतीची आहे. अमेरिकेत शर्यतीच्या सरळ पट्टीवर प्रकाशाच्या किरणाने वेळ मोजतात. गाडीचे चाक त्या किरणातून बाहेर पडले की घड्याळ सुरू होते, आणि बाहेर पडेपर्यंत गाडी सुमारे एक फूट पुढे सरकलेली असते. तिथली मोटारींची मासिकेही चाचणी घेताना हा एक फूट सोडून देतात. एक फूट म्हणजे काय मोठे, असे वाटेल. परंतु थांबलेल्या गाडीला पहिला फूटच जड जातो. या ताकदीच्या गाडीला त्यासाठी पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे साडेतीन सेकंदांच्या हिशेबात पाव सेकंद बसल्या जागी वाचतो! कापड मोजताना गजामागे अंगठाभर इकडे-तिकडे झाले तर ठाणाच्या शेवटी किती फरक पडतो, हे आपल्याला सांगायला नको. दोन आकडे समोर आले की एक फूट धरला की सोडला, हे विचारल्याशिवाय दशांशाच्या फरकाला महत्त्व देऊ नये.

ताकद किती, वजन किती

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथे वेग म्हणजे रफ्तार आणि वेग वाढण्याच्या दराला इसराअ म्हणत. मराठी पुस्तकात त्याला त्वरण म्हणतात. मास्तरांचे सूत्र साधे होते : जोर वाढवा, त्वरण वाढेल, वजन वाढवा, त्वरण घटेल. म्हणून नुसती ताकद पाहून भागत नाही. एका अश्वशक्तीला किती किलो ओढावे लागतात, ते पाहावे.

उरुसचे कंपनीने जाहीर केलेले वजन २२०० किलो. त्याला ६५० ने भागले तर एका अश्वशक्तीवर ३.३८ किलो येतात. ट्रॅकहॉकचे वजन ५३६३ पौंड, म्हणजे सुमारे २४३३ किलो. त्याला ७१७ ने भागले तर ३.३९ किलो येतात.

हे दोन आकडे पाहून आम्ही क्षणभर पेन खाली ठेवले. एक गाडी इटलीतली, एक अमेरिकेतली. एकीचे इंजिन चार लिटरचे, दुसरीचे ६.२ लिटरचे. एका गाडीत ६७ अश्वशक्ती जास्त, तर वजन २३३ किलो जास्त. आणि शेवटी ओझे दोघींवर अगदी सारखे! मग वेळ सारखाच येणार, यात नवल काय? जीपने जास्तीची ताकद घेतली आणि जास्तीच्या वजनावर खर्च केली. ज्या दुकानाची विक्री मोठी आणि भाडे-पगारही मोठे, त्याच्या गल्ल्यात शेवटी शेजाऱ्याएवढेच उरते, तसा हा प्रकार.

इंजिनांचा स्वभाव मात्र निराळा आहे. दोन्ही इंजिनांत जास्त हवा कोंबून जास्त इंधन जाळण्याची व्यवस्था आहे, पण रीत वेगळी. जीपमध्ये सुपरचार्जर आहे. तो पट्ट्याने इंजिनालाच जोडलेला असतो, त्यामुळे पेडल दाबताच हजर होतो, पण स्वतः फिरण्यासाठी इंजिनाचीच ताकद खातो. उरुसमध्ये दोन टर्बो आहेत. ते बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोताने फिरतात. फुकट जाणारी ऊर्जा कामाला येते, मात्र झोत जमेपर्यंत क्षणभर वाट पाहावी लागते. उरुसच्या कारागिरांनी हा क्षण खूपच छोटा केला आहे. तिचा ८५० न्यूटन-मीटरचा पूर्ण पीळ मिनिटाला २२५० फेऱ्यांपासूनच मिळू लागतो. जीपचा कमाल पीळ सुमारे ८७५ न्यूटन-मीटर, पण तो ४८०० फेऱ्यांवर.

पहिले शंभर आणि दुसरे शंभर

उरुस शून्यापासून १०० ला ३.६ सेकंदांत जाते आणि शून्यापासून २०० ला १२.८ सेकंदांत. म्हणजे पहिल्या शंभराला ३.६ आणि दुसऱ्या शंभराला ९.२ सेकंद. अंतर तेवढेच, वेळ अडीचपट. असे का?

कारण वेगात साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. १०० पर्यंत एक वाटा ऊर्जा लागली असेल, तर २०० पर्यंत एकूण चार वाटे लागतात. म्हणजे दुसऱ्या शंभरासाठी आणखी तीन. शिवाय हवेचा अडथळाही वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि या गाड्या कपाटासारख्या उंच आणि रुंद आहेत.

पहिल्या शंभराचाही ताळा करून पाहिला. २२०० किलोची गाडी १०० च्या वेगात असताना तिच्यात सुमारे साडेआठ लाख ज्यूल ऊर्जा असते. ती ३.६ सेकंदांत भरली, म्हणजे सरासरी ३२० अश्वशक्ती कामाला लागली. गाडीत आहेत ६५०. उरलेल्या गेल्या कुठे? काही गिअर, दांडे आणि टायर फिरवण्यात गेल्या. काही मिळाल्याच नाहीत, कारण इंजिन पूर्ण ताकद मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या आसपासच देते. आणि सुटण्याच्या क्षणी असलेली ताकद रस्त्यावर उतरवताच येत नाही, कारण तेथे हुकूम इंजिनाचा नसून टायरचा चालतो.

टायर म्हणेल तेवढेच

टायर रस्त्याला जेवढे धरून ठेवील, तेवढाच जोर कामाचा. त्यापुढचा जोर चाक जागच्या जागी घासण्यात आणि रबराचा धूर करण्यात जातो. म्हणूनच दोन्ही गाड्यांत ताकद चारही चाकांना वाटली आहे. सुटताना गाडीचा भार मागे झुकतो, म्हणून मागच्या चाकांना वाटा जास्त. उरुसमध्ये नेहमीची वाटणी पुढे ४० आणि मागे ६० टक्के. जीपच्या शर्यतीच्या अवस्थेत पुढे ३० आणि मागे ७० टक्के.

टायरची सत्ता किती मोठी आहे, ते उरुसच्याच पुढच्या बहिणींवरून दिसते. २०२२ मध्ये उरुस परफॉर्मांटे आली. ताकद फक्त १६ ने वाढून ६६६ झाली, वजन मात्र ४७ किलोने घटवले, आणि वेळ ३.६ वरून ३.३ सेकंदांवर आला. २०२४ मध्ये बॅटरी जोडलेली उरुस एसई आली. तिची एकूण ताकद ८००. वजन अडीच हजार किलोंच्या वर. वेळ ३.४ सेकंद. म्हणजे पहिल्या उरुसपेक्षा दीडशे अश्वशक्ती वाढवून मिळाले ०.२ सेकंद, आणि १६ वाढवून व वजन घटवून मिळाले ०.३ सेकंद. भांडवल दुप्पट केले की नफा दुप्पट होतो, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जपून ठेवावे.

भाच्याला आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली. हे सारे आकडे चांगल्या हवेत, स्वच्छ आणि कोरड्या पट्टीवर, नव्या टायरवर काढलेले असतात. शारजाच्या उन्हाळ्यात हवा ४५ अंशांवर गेली की २५ अंशांच्या हवेपेक्षा ती सुमारे सहा टक्के विरळ होते. इंजिनाच्या श्वासात तेवढा प्राणवायू कमी. हवा थंड करण्याची सोय गाडीत असली तरी उष्णतेचा परिणाम पूर्ण जात नाही. त्यात रस्त्यावर वाळूचा पातळ थर असला की टायरची पकड घटते. दोन गाड्यांमधला दहावा हिस्सा सेकंद तिथे वाळूतच विरून जाईल.

या बाबतीत आम्ही स्वतः एकदा पोळलो आहोत. अनेक वर्षांपूर्वी आम्ही चार माग घेतले, तेही माहितीपत्रकावर मिनिटाला किती पिक पडतात तो आकडा पाहून. आकडा खोटा नव्हता. पण तो बारीक, एकसारख्या सुतावर काढलेला होता. आमचे सूत जाडे-भरडे. धागा तुटायचा, माग थांबायचा, विणकर गाठ मारून पुन्हा चालू करायचा. महिनाअखेर कापड मोजले तर जुन्या, सावकाश मागांवरचेच जास्त भरले. विकणाऱ्याने फसवले असे आम्ही म्हणू शकलो नाही. आम्हीच विचारले नव्हते, की हा आकडा कोणत्या सुतावरचा.

धावताना दीड गज, थांबताना चार गज

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या आणि एकाच क्षणी सोडल्या. उरुस ३.६ सेकंदांत आणि जीप ३.७ सेकंदांत १०० ला पोहोचणार. उरुस १०० ला पोहोचली, त्या क्षणी ती सुमारे ५० मीटर गेलेली असेल. जीप कुठे असेल? सरळ हिशेबाने सुमारे १.३५ मीटर मागे. म्हणजे दीड गज. पाच मीटरांहून लांब गाडीचा जेमतेम चौथा हिस्सा. काचेतून बाहेर पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला तो कळणारही नाही.

पण माहितीपत्रकात खाली, बारीक अक्षरांत, आणखी एक आकडा होता. तो भाच्याने वाचला नव्हता आणि भागीदारानेही. उरुस १०० च्या वेगातून ३३.७ मीटरांत थांबते. ट्रॅकहॉक ६० मैलांच्या वेगातून ११४ फुटांत, म्हणजे सुमारे ३४.७ मीटरांत थांबते. पुन्हा तीच मापाची तफावत! थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून १०० च्या वेगासाठी जीपचे अंतर ३७.३ मीटर होते. फरक ३.६ मीटर. म्हणजे सुमारे चार गज, अख्ख्या मारुती आठशेच्या लांबीहून जास्त.

हा फरक नुसत्या अंतराचा नाही. दोन्ही गाड्यांनी एकाच ठिकाणी ब्रेक दाबले, तर जेथे उरुस पूर्ण थांबली असेल, तेथे जीप अजून ताशी ३१ किलोमीटरच्या वेगात असेल. त्या जागी रस्ता ओलांडणारे एखादे मूल असेल, तर सारा फरक तेवढ्यातच आहे. हे दोन्ही कंपन्यांचे आकडे आहेत, आणि टायर व रस्ता बदलला की तेही बदलतील. तरीही धावण्याच्या दीड गजापुढे थांबण्याच्या चार गजांचे वजन जास्त आहे, हे कोणीही मान्य करील.

यात माणसाचा वेळ अजून धरलेलाच नाही. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर १०० च्या वेगात गाडी तेवढ्यात २७.८ मीटर पुढे जाते. भाड्याने गाडी नेणारा बहुधा वीस-बावीस वर्षांचा तरुण असतो आणि ती गाडी त्याने आयुष्यात प्रथमच हातात घेतलेली असते. त्याच्यासाठी हा एक सेकंद आहे की दीड, यावर भाच्याची सारी बचत आणि कोणाचा तरी जीव अवलंबून आहे.

किमतीचा हिशेब

अमेरिकेत नवी असताना ट्रॅकहॉकची मूळ किंमत ८५,९०० डॉलर होती आणि उरुसची सुमारे दोन लाख डॉलर. नुसत्या सेकंदांवर सौदा करायचा, तर दीड गजासाठी लाखाहून जास्त डॉलर मोजावे लागतात. उरुसची किंमत सेकंदांची नाहीच. ती नावाची, कारागिरीची आणि चिनी मातीच्या जातीच्या सिरॅमिक ब्रेकची आहे. त्या ब्रेकच्या चकत्या बदलण्याचा खर्चही तसाच दांडगा असतो. जुनी गाडी घेताना त्यांची जाडी आणि टायरचे वय पाहिले नाही, तर स्वस्तात मिळालेली गाडी पहिल्याच दुरुस्तीत महाग पडते.

आपल्याकडे उरुस जानेवारी २०१८ मध्ये तीन कोटी रुपये शोरूम किमतीला आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या एसईची किंमत ४ कोटी ५७ लाख होती. आपल्यातील काही मंडळी मोठी गाडी पेढीच्या नावावर घेतात आणि जीएसटी परत मिळेल असे समजतात. तसे नाही. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी मोटारीवरील कराची वजावट साध्या व्यापाऱ्याला मिळत नाही. मोटारी विकणारे, प्रवासी वाहतूक करणारे आणि गाडी शिकवणारे यांनाच ती सवलत आहे. तेव्हा खरेदीआधी आपल्या हिशेबनिसाला विचारावे.

खरीददाराने विचारावयाचे प्रश्न

१. आकडा ६० मैलांचा की १०० किलोमीटरचा? पहिला फूट धरला की सोडला?

२. एका अश्वशक्तीवर किती किलो ओझे? दोन्ही गाड्यांची अश्वशक्ती एकाच पद्धतीची आहे का?

३. चाचणी कोणत्या रस्त्यावर, कोणत्या हवेत, कोणत्या टायरवर झाली?

४. गाडी किती मीटरांत थांबते, आणि तो आकडा कोणत्या वेगापासूनचा?

५. मला हा वेग लागतो का? मुंबईच्या अटल सेतूवर मोटारींची मर्यादा ताशी १०० आहे, समृद्धी महामार्गावर १२०. चार सेकंदांच्या आत मर्यादा गाठणाऱ्या गाडीचे उरलेले कसब तेथे कामाला येत नाही.

हा सारा हिशेब आम्ही भाच्याला पाठवला. चार दिवसांनी त्याचा फोन आला. त्याने आपल्या दहा-बारा जुन्या गिऱ्हाइकांना विचारले होते. एकानेही सेकंद विचारले नाहीत. कोणी आसने विचारली, कोणी थंड हवा, कोणी एका दिवसाचे भाडे आणि अनामत. दरम्यान त्याने उरुसची चाके उतरवून पाहिली, तर पुढच्या ब्रेकच्या चकत्या बदलण्याच्या बेतात आल्या होत्या. आता विकणाऱ्याशी त्या खर्चावर बोलणे चालू आहे. भाव उतरला नाही तर सौदा सोडायचा, असे दोघा भागीदारांचे ठरले आहे. शिवाय पंचवीस वर्षांखालच्या कोणालाही, आणि आधी अशी गाडी न चालवलेल्या कोणालाही, सोबत आपला ड्रायव्हर दिल्याशिवाय चावी द्यायची नाही, असा नियम त्याने स्वतःहून केला. त्याने एक-दोन भाडी जातील, पण आम्हाला सर्वांत जास्त समाधान याच गोष्टीचे वाटले.

मित्रहो, माल माग असो वा मोटार, मोठ्या अक्षरातला आकडा विकणाऱ्याच्या सोयीचा असतो आणि घेणाऱ्याच्या कामाचा आकडा बहुधा खाली बारीक अक्षरात असतो. तो शोधून वाचावा, माप एक करावे, आणि मगच बयाणा द्यावा.